युरोपचं महिला व्हॉलीबॉल: पहिला सामना बघायला बसण्याआधी

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल मी माझ्या भाचीबरोबर बघितली. ब्रसेल्समध्ये तुर्की विरुद्ध सर्बिया. पाच सेट झाले, शेवटचा तुर्कीने १५-१३ ने घेतला आणि पहिल्यांदाच युरोपचं विजेतेपद मिळवलं. मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होते आणि ती शांत बसली होती. मग म्हणाली, "मावशी, कोण जिंकलं ते कळलं. का जिंकलं ते नाही कळलं."

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायला मला पुढचे काही आठवडे लागले, कारण जुने सामने परत लावून, थांबवून थांबवून दाखवावे लागले. ज्यांनी हा खेळ शाळेच्या मैदानावर पाहिलाय पण युरोपच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा कधी बघितली नाही, अशांसाठी तोच क्रम इथे लिहिते आहे. एकच गोष्ट आधीच सांगून ठेवते: स्मॅश मारणारीकडे नंतर बघा, आधी सर्व्हिस उचलणारीकडे बघा. पुढचं सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आधी स्पर्धा ओळखा

नावं सारखी असल्याने सुरुवातीला घोळ होतो. नेशन्स लीगमध्ये जगभरातले संघ असतात आणि ती दरवर्षी होते. चॅम्पियन्स लीग क्लबांची. युरोपियन लीग राष्ट्रीय संघांचीच, पण तिच्यात मुख्यतः नेशन्स लीगमध्ये नसलेले संघ खेळतात. आपण बोलतोय ती युरोपियन चॅम्पियनशिप, जिला सगळे युरोव्हॉली म्हणतात. लक्झेंबर्गमध्ये मुख्यालय असलेला युरोपचा व्हॉलीबॉल महासंघ ती भरवतो.

महिलांची पहिली स्पर्धा १९४९ मध्ये प्रागला झाली आणि सोव्हिएत संघाने जिंकली. १९९१ पर्यंत त्यांनी एकूण तेरा विजेतेपदं घेतली, नंतर रशियाने आणखी सहा. म्हणून जुन्या यादीकडे पाहिलं तर ही एकाच देशाची स्पर्धा वाटते. चित्र बदललं ते या शतकात. २००३ आणि २००५ मध्ये पोलंड, २००७ आणि २००९ मध्ये इटली, २०११ मध्ये सर्बिया, मग २०१७ आणि २०१९ मध्ये परत सर्बिया, २०२१ मध्ये इटली, २०२३ मध्ये तुर्की. मधली २०१३ आणि २०१५ ची दोन रशियाची. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ पासून बंदी आल्याने २०२३ च्या स्पर्धेत रशिया नव्हताच.

स्पर्धा एरवी विषम वर्षी व्हायची. आता जागतिक स्पर्धा विषम वर्षांत गेल्यामुळे युरोपची सम वर्षांत आली, म्हणून २०२३ नंतर थेट २०२६. ही स्पर्धा २१ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात ठेवली आहे आणि यजमान चार देश आहेत: तुर्की, अझरबैजान, चेक प्रजासत्ताक आणि स्वीडन. फायनल इस्तंबूलला.

नियम, लागतील तेवढेच

मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. महिलांचं नेट २.२४ मीटर उंचीवर, म्हणजे पुरुषांपेक्षा १९ सेंटिमीटर खाली. नेटपासून तीन मीटरवर आडवी रेषा असते, तिला अटॅक लाइन म्हणतात. मागच्या तीन खेळाडूंनी नेटच्या उंचीवरचा चेंडू मारायचा असेल तर उडी या रेषेच्या मागून घ्यावी लागते. रेषेवर पडलेला चेंडू आत. नेटला घासून पलीकडे गेलेली सर्व्हिससुद्धा चालते.

चार सेट २५ गुणांचे, पाचवा १५ चा, आणि प्रत्येकात दोन गुणांची आघाडी हवीच. प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. ज्यांनी नव्वदच्या दशकात खेळ सोडला त्यांच्या डोक्यात अजून "सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट" हे बसलेलं असतं. ते काढून टाका.

तीन स्पर्शांत चेंडू परतवायचा. ब्लॉकला, म्हणजे नेटवर हात उंचावून केलेल्या अडवणुकीला, लागलेला स्पर्श त्या तिनांत धरत नाहीत, म्हणून ब्लॉकला लागून मागे आलेल्या चेंडूवर संघाला पुन्हा पूर्ण तीन स्पर्श मिळतात. नवख्या प्रेक्षकाला हे चार स्पर्श वाटतात आणि पंच चुकले असा समज होतो.

वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली खेळाडू दिसेल, ती लिबेरो. हिचं काम मागच्या रांगेत बचाव करायचा. ती सर्व्हिस करत नाही, ब्लॉकला जात नाही आणि नेटच्या वरचा चेंडू मारत नाही. तिची अदलाबदल सहा बदलींच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून ती सारखी आत-बाहेर करताना दिसते.

पास बघायला शिका

आपल्याकडे गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल पाहून डोळे तयार झालेले असतात. तिथे फटका हाच जीव. इथे फटका शेवटी येतो, आणि तो कसा बसणार हे त्याच्या दोन स्पर्श आधी ठरलेलं असतं.

समजा इटलीवर सर्व्हिस आली. ती उचलणारीने चेंडू नेटजवळ, मधल्या भागापासून थोडा उजवीकडे, नीट कमानीत दिला. तिथे सेटर उभी आहे. आपल्या मैदानावर जिला लिफ्टर म्हणतात तीच. चेंडू तिच्या डोक्यावर आला की तिच्यासमोर चार वाटा उघड्या असतात: मधून झटपट फटका, डावीकडे चार नंबरला, पाठीमागे उजवीकडे दोन नंबरला (हे नंबर पुढे कागदावर येतील), किंवा मागच्या रांगेतून मधोमध येणारीला, ज्याला पाइप म्हणतात. पलीकडच्या ब्लॉकरना कुठे धावायचं ते कळत नाही. बहुतेक वेळा फटका मारणारीसमोर एकच ब्लॉकर पोचते.

आता तोच पास तीन-चार मीटर मागे पडला असं धरा. सेटर धावत जाते. मधला झटपट फटका संपला, कारण तो चेंडू नेटजवळून हातभर अंतरात द्यावा लागतो. उरते मुख्यतः एकच वाट: डाव्या टोकाला उंच चेंडू. तो हवेत असतानाच पलीकडे दोन, कधी तीन ब्लॉकर तिथे जाऊन उभ्या राहतात. मारणारी तीच, तिची ताकद तीच, पण गुण मिळणं दुप्पट कठीण.

म्हणून सर्व्हिस करणारी चेंडू कोणावर टाकते तेही बघायला लागा. ती उगाच टाकत नाही. समोरच्या तीन-चार पासर्सपैकी जिचा दिवस खराब चाललाय, जी नुकतीच बदली म्हणून आत आलीय, किंवा जिला पास देऊन लगेच फटक्यालाही धावायचंय, तिच्यावर मुद्दाम टाकते. महिलांच्या खेळात फ्लोट सर्व्हिस फार वापरतात. चेंडूला फिरकी नसते, त्यामुळे तो हवेत डगमगतो आणि उचलणारीचे हात शेवटच्या क्षणी हलतात. वेग कमी दिसला म्हणून ती सर्व्हिस सोपी समजू नका.

एक सराव सुचवते. एका सेटपुरता प्रत्येक पासला मनातल्या मनात गुण द्या. सेटरला पाऊलही हलवावं लागलं नाही तर ३, एक-दोन पावलं चालली तर २, धावली तर १, चेंडू गेलाच तर ०. संघांचे आकडेवारी ठेवणारेही साधारण अशाच पायऱ्या लावतात. दहा मिनिटांत तुम्हाला दिसेल की ज्या संघाचे ३ जास्त, तोच पुढे आहे. भाचीला मी हा खेळ शिकवला आणि दुसऱ्याच सामन्यात चेंडू हवेत असताना ती ओरडली, "वाईट पास, आता चार नंबरलाच जाणार!" गेला. तेव्हा मला तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं वाटलं.

या नजरेने इटलीच्या मोनिका दे जेन्नारोचे जुने सामने बघा. लिबेरो म्हणजे काय हे तिच्यामुळे कळतं. २०२१ चं युरोपचं विजेतेपद आणि २०२४ चं पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, दोन्हीत ती होती. मोठ्या फटक्यांच्या चित्रफितींत ती फारशी दिसत नाही, कारण कॅमेरा फटक्यावर असतो.

सहा चौकोनांचा कागद

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण टाळू नका. कागदावर सहा चौकोन काढा, पुढे तीन, मागे तीन. नेट वरच्या बाजूला आहे असं धरा. मागे उजवीकडे १, पुढे उजवीकडे २, पुढे मधे ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५, मागे मधे ६. सेट सुरू होताना पडद्यावर दोन्ही संघांची मांडणी दाखवतात. प्रत्येक चौकोनात जर्सीचा नंबर लिहा. सर्व्हिस समोरच्याकडून आपल्याकडे आली की सगळ्या घड्याळाच्या दिशेने एक घर सरकतात, आणि २ मधली १ मध्ये जाऊन सर्व्हिस करते.

आता सेटरच्या नंबराभोवती गोल करा.

बहुतेक सगळे संघ एकच सेटर ठेवून खेळतात. ती मागच्या रांगेत (१, ६ किंवा ५ मध्ये) असेल तेव्हा पुढे फटका मारणाऱ्या तीन जणी असतात. ती स्वतः पुढच्या रांगेत आली की पुढे दोनच उरतात. म्हणजे प्रत्येक संघाच्या सहा फेऱ्यांपैकी (घरं सरकताना होणाऱ्या सहा मांडण्यांपैकी) तीन भरभक्कम आणि तीन जरा तोकड्या. एखादा संघ १८-१४ ने पुढे असतो आणि अचानक १८-१८ होतं, तेव्हा समालोचक दडपणाबद्दल बोलतात. तुम्ही कागद बघा. बऱ्याचदा गोल केलेला नंबर पुढच्या रांगेत अडकलेला असतो आणि संघाला ती फेरी ओलांडताच येत नसते.

यावर प्रशिक्षकांकडे एक तोड आहे. दोन बदल्या एकदम करायच्या: सेटर पुढे येते तेव्हा तिला बाहेर काढून राखीव ऑपोझिट (मुख्य मारणारी, खाली सांगते) आत आणायची, आणि मागे गेलेल्या ऑपोझिटच्या जागी राखीव सेटर. पुढे परत तीन मारणाऱ्या झाल्या. सेटला सहाच बदल्या मिळतात, त्यातल्या दोन जातात आणि परत फिरवायला आणखी दोन, म्हणून हा डाव कधी टाकायचा यावर सेट फिरतात. मला स्वतःला या खेळात सगळ्यात जास्त रमवणारी जागा हीच.

ऑपोझिट म्हणजे मांडणीत सेटरच्या बरोबर समोर, तीन घरं पलीकडे असणारी. तिला सहसा पास उचलायला लावत नाहीत, तिचं काम मारणं. पास वाईट पडला की उंच चेंडू बऱ्याचदा तिच्याकडेही जातो. म्हणूनच जे नाव तुम्ही आधी ऐकाल ते ऑपोझिटचं असेल: सर्बियाची डावखुरी तियाना बोश्कोविच, इटलीची पाओला एगोनू, तुर्कीची मेलिसा वार्गास, स्वीडनची इझाबेल हाक. २०२३ च्या त्या फायनलमध्ये वार्गासने एकटीने ४१ गुण केले. क्यूबात जन्मलेली ही मुलगी तुर्कीकडून पहिल्यांदा त्याच वर्षी खेळत होती. तिचे ४१ सगळ्यांना आठवतात. परत बघाल तेव्हा सेटर जान्सू ओझबायने दिलेले चेंडू मोजा.

एक संघ निवडा

चोवीस संघ एकदम लक्षात राहत नाहीत, ठेवूही नका. एक निवडा आणि त्याच्या मागे स्पर्धाभर राहा. निवडायला थोडी मदत करते.

इटली सध्या सगळ्यांच्या पुढे. २०२४ चं ऑलिंपिक आणि २०२५ ची जागतिक स्पर्धा, दोन्ही जिंकल्या त्या प्रशिक्षक हुलिओ वेलास्को यांच्या हाताखाली. २०२५ ची फायनल बँकॉकला तुर्कीविरुद्ध पाच सेटची झाली. सेटर अलेस्सिया ओर्रो त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि मारणारीऐवजी लिफ्टरला तो मान मिळाला याचा मला फार आनंद झाला. मी कॉलेजात लिफ्टर होते.

तुर्कीच्या संघाला तिकडे "नेटच्या सुलताना" म्हणतात. २००३ आणि २०१९ मध्ये अंकाराला, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्या फायनल हरल्या होत्या, म्हणून २०२३ चा जल्लोष तेवढा मोठा होता. मधल्या फळीतली कर्णधार एदा एर्देम एका पायावर उडी घेऊन नेटला समांतर धावत जो फटका मारते त्याला स्लाइड म्हणतात. पुरुषांच्या खेळात तो क्वचित दिसतो, महिलांच्या खेळाचं ते खास लेणं आहे.

सर्बियाने २०१८ आणि २०२२ ची जागतिक स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये त्यांचे प्रशिक्षक दानिएले सान्तारेल्ली होते आणि तुर्कीचे जोव्हान्नी ग्विदेत्ती. पुढच्या वर्षी सान्तारेल्ली तुर्कीकडे गेले, ग्विदेत्ती सर्बियाकडे, आणि ब्रसेल्सच्या फायनलमध्ये दोघे एकमेकांच्या जुन्या संघाविरुद्ध उभे राहिले. आपल्याच जुन्या खेळाडूंच्या सवयी दोघांना तोंडपाठ. हा तपशील माहीत असला की तो सामना वेगळाच दिसतो.

नेदरलँड्सने २०२३ मध्ये इटलीला ३-० ने हरवून कांस्य घेतलं. पोलंडकडे मोठा आणि मनापासून ओरडणारा प्रेक्षक आहे. छोट्या संघावर जीव लावायचा असेल तर स्वीडन घ्या. २०२१ मध्ये तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि इझाबेलबरोबर तिची बहीण आनाही खेळते.

गुणतक्ता वाचताना

चार गट, प्रत्येकात सहा संघ, सगळे एकमेकांशी. प्रत्येक गटातले पहिले चार पुढे जातात, मग अंतिम सोळापासून बाद फेरी. विजेत्या संघाला एकूण नऊ सामने खेळावे लागतात.

३-० किंवा ३-१ ने जिंकलं तर तीन गुण, ३-२ ने जिंकलं तर दोन आणि हरणाऱ्याला एक. पण क्रमवारी लावताना आधी जिंकलेले सामने मोजतात, गुण नंतर. चार सामने ३-२ ने जिंकून एक ०-३ ने हरलेल्या संघाचे गुण ८ होतात. तीन सामने ३-० ने जिंकून दोन २-३ ने हरलेल्याचे ११. तरी तक्त्यात ८ वाला वर. भाचीने पहिल्या दिवशी मला हे चुकीचं छापलंय म्हणून दाखवलं होतं. गुणही सारखे झाले तर सेटचं गुणोत्तर, मग रॅलीच्या गुणांचं. म्हणून गटातला सामना ०-२ ने मागे असला तरी टीव्ही बंद करू नका, एक सेट काढला तरी पुढे तो उपयोगी पडतो.

घड्याळ लावून घ्या

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपण इस्तंबूलच्या अडीच तास पुढे असतो, बाकूच्या (अझरबैजान) दीड तास, आणि बर्नो (चेक प्रजासत्ताक) व गोथेनबर्गच्या (स्वीडन) साडेतीन तास. म्हणजे तिकडे रात्री आठचा सामना इस्तंबूलला असेल तर आपल्याकडे साडेदहाला, गोथेनबर्गला असेल तर साडेअकराला सुरू होईल. तीन सेटचा सामना साधारण दीड तासात आटोपतो, पाच सेटचा दोन तासांच्या पुढे जातो. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या घरात हा हिशेब आधीच मांडून ठेवा. महासंघाची युरोव्हॉली टीव्ही नावाची स्वतःची प्रक्षेपण सेवा आहे. सामना आपल्याकडे कुठे दिसणार ते स्पर्धेच्या आठवडाभर आधी तपासा, ऐन वेळी नको.

पहिला सामना मात्र थेट बघू नका. २०२३ ची किंवा २०१९ ची फायनल, दोन्ही पाच सेटच्या, मिळाली तर आधी ती घ्या. पहिल्या सेटला फक्त पासला गुण द्या. दुसऱ्याला कागद घेऊन सेटर कुठल्या चौकोनात आहे तेवढंच बघा. तिसऱ्याला ब्लॉकरांचे पाय बघा, त्या कुठे निघाल्या आणि कुठे फसल्या. चौथा सेट काहीही न करता बघा, मजेत.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

युरोपात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींना हे सहज जमण्यासारखं आहे. चेक प्रजासत्ताक आणि स्वीडन शेंगेनमध्ये येतात, तुर्की आणि अझरबैजान येत नाहीत. त्यामुळे एका व्हिसावर चारही शहरं होणार नाहीत.

तिकीट काढताना लोक मधल्या रेषेजवळची, नेटच्या बाजूची जागा धरतात. मी उलट सांगेन. एंड लाइनच्या (मैदानाच्या टोकाच्या रेषेच्या) मागची, आठ-दहा रांगा वरची जागा घ्या. टीव्हीवर मैदान बरेचदा बाजूने दिसतं आणि ब्लॉकमधली फट कळत नाही. मागून सगळं सेटरच्या डोळ्यांनी दिसतं: पास येतोय, पलीकडची मधली ब्लॉकर अर्धं पाऊल डावीकडे झुकलीय, आणि चेंडू उजवीकडे निघून गेलाय. सेट संपला की संघ बाजू बदलतात, मग तेच सगळं तुम्हाला समोरून बघायला मिळतं.